समुद्राकडचा फोकस आमच्यासाठी लावू नका

प्रति,
कोकण किनाऱ्यावर हॉटेल, रिसॉर्ट, होमस्टे चालवणारी सर्व मंडळी,
आणि किनाऱ्यावरच्या गावांचे सरपंच व ग्रामपंचायत सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला साडेसात एकरांचा शेतकरी. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि विहिरीला पाणी असलं तर हरभरा. समुद्र आमच्यापासून इतका लांब की गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांनी तो अजून पाहिलेला नाही. अशा माणसाला किनाऱ्यावरच्या दिव्यांबद्दल पत्र लिहायचं काय नडलं, असं तुम्ही विचाराल. नडलं ते एवढ्यासाठी की त्यातला एक दिवा माझ्या सांगण्यावरून लागला होता.

गेल्या मार्चची गोष्ट. शेवटच्या वेचणीचा कापूस विकून झाला होता, हरभरा घरात आला होता, आणि आमच्या चार घरांनी ठरवलं की पोरांना एकदा समुद्र दाखवायचा. कोणीतरी मोबाईलवर कासवाच्या पिल्लांचा व्हिडिओ पाहिला होता, तेव्हा कासवंही बघायची. धामणगावहून विदर्भ एक्सप्रेस धरली, कल्याणला उतरलो, पुढे गाडी केली. घाटातली वळणं आमच्या पोरांना सोसली नाहीत, ते सांगत बसत नाही. मुक्कामी पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ झाले. घर अगदी वाळूला लागून. अंगणात उतरलो तर समोर नुसता काळोख आणि त्यातून येणारा आवाज. आमच्यातले काकाजी वैतागून म्हणाले, "समुद्र समुद्र म्हणून एवढ्या दूर आणलं, अन् इथं तं काहीच दिसून नाही राह्यलं!"

मग मी मालकांना म्हणालो, "दादा, काही लाइट-बिइट नाही का समोर?"

"आहे ना. पाहुण्यांसाठीच बसवलाय," ते म्हणाले आणि त्यांनी बटन दाबलं. माडाच्या खोडाला बांधलेला पांढराफटक फोकस लागला. लाटांचा फेस दिसायला लागला. पोरं ओरडत धावली, आम्ही टाळ्या वाजवल्या, सतरंजी टाकली, गाणी लावली. साडेअकराला झोपायला गेलो तेव्हा फोकस बंद करायचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. आपल्या घरचं बिल थोडंच होतं.

सकाळी वाळूवर एक माग दिसला. मधून कोणीतरी वखर ओढत नेल्यासारखा आणि दोन्ही बाजूंना एकाआड एक वल्ह्याचे फटकारे. समुद्रातून सरळ वर आलेला, भरतीच्या रेषेच्या थोडा वर, आणि तिथून अर्धगोल फिरून परत पाण्यात. गावातला एक कासवमित्र, म्हणजे कासवांची घरटी शोधून राखणारा पोरगा, पहाटेची फेरी मारत तिथे पोहोचला होता. त्यानं वाळू चाचपली, काठीनं दोन जागी टोचून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. म्हणाला, "मादी आली होती. अंडी न घालता गेली."

"असं का?"

"कधी वाळू पसंत पडत नाही. कधी कुत्रं येतं. कधी माणसं असतात." जरा थांबून त्यानं विचारलं, "रात्री फोकस चालू होता का?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे.

पोरगा रागावला नाही, उलट माझ्या पोरीला माग कसा वाचायचा ते त्यानं दाखवलं. पण तो गेल्यावर मालक जे बोलले ते माझ्या डोक्यात वर्षभर राहिलं. "काय करणार दादा, आम्हाला का हौस आहे? पाहुणेच मागतात."

ते खोटं बोलत नव्हते. मागणारा पाहुणा त्यांच्यासमोरच उभा होता. तुम्ही सगळेच हे कारण सांगता, वनखात्याला सांगता, गावातल्या कासवमित्रांना सांगता. म्हणून त्या पाहुण्यांपैकी एकानं तुम्हाला लेखी कळवावं असं वाटलं: आमच्यासाठी म्हणून लावत असाल, तर लावू नका.

त्या सहलीनंतर मी जमेल तेवढं वाचलं, विचारलं. तुमच्यातल्या अनेकांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी आमच्याकडची माणसंही हे पत्र वाचतील म्हणून लिहितो. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले. हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा. मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या वर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि अंग डावी-उजवीकडे आपटून वाळू दाबून टाकते. आमच्याकडे जमीन सारवल्यावर बायका हातानं थापटतात तशी. मग निघून जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे ती फिरकत नाही. पिल्लं बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, म्हणजे शेवटच्या घरट्यातली पिल्लं मे महिन्यात निघतात.

पिल्लं बहुतेक रात्रीच बाहेर पडतात, वाळू थंड झाली की. आई नाही, वाट दाखवणारं कोणी नाही. त्यांच्याकडे एकच खूण असते: जमिनीलगत जिकडे उजळ तिकडे समुद्र, आणि जिकडे उंच काळं तिकडे जमीन. लाखो वर्षं हा हिशेब बरोबर आला, कारण आभाळाचा अंधुक उजेड पाण्यावर पसरतो आणि मागे झाडी, टेकाड काळं दिसतं. आता मागच्या बाजूला फोकस लागला की हिशेब उलटा होतो. पिल्लू समुद्राकडे पाठ करून दिव्याकडे चालायला लागतं. तिथे कुत्री, कोल्हे, कुर्ल्या, रस्त्यावरच्या गाड्या, आणि यातून वाचलंच तर सकाळचं ऊन आणि कावळे. पोटात उरलेल्या बलकावर त्याला पहिले एक-दोन दिवस न थांबता पोहून खोल पाण्यात जायचं असतं. ती शिदोरी वाळूवर भलत्या दिशेला खर्च झाली, तर ते समुद्रात पोहोचूनही पुढे टिकत नाही. अमावास्येच्या आसपास हे जास्त होतं, कारण तेव्हा तुमच्या दिव्याला तोडीस तोड दुसरा उजेडच नसतो.

मादीचं वेगळं. ती दिवा पाहून येतच नाही, किंवा आली तर फिरते. मला जो माग दिसला तो बहुधा याच जातीचा.

"पण आमच्याकडे हॅचरी आहे," असं काही जण म्हणतील. हॅचरी म्हणजे घरट्यातली अंडी उचलून आणून, पुन्हा वाळूत पुरून राखायची जागा. बरोबर आहे, आणि त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली, नंतर कासव महोत्सव सुरू झाला, आणि आज रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी किनाऱ्यांवर वनखातं आणि कासवमित्र तेच काम करतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हीही एका हॅचरीत गेलो. वाळूवर उपड्या टोपल्या मांडलेल्या. एक टोपली उचलली तर खाली राखाडी-काळी वळवळ. दोरीच्या मागे उभं करून आम्हाला सांगितलं, फ्लॅश मारू नका. एकानं मारलाच. तो आमच्यातलाच होता, माझा साळा, आणि गावी परत येईपर्यंत त्याला त्याच्या बायकोकडून बोलणी बसली.

पण हॅचरीत अंडी येतात ती मादी किनाऱ्यावर चढली तर. ती फोकस पाहून पाण्यातूनच परतली, तर टोपलीखाली ठेवणार काय? शिवाय पहाटेच्या फेरीत सगळी घरटी सापडत नाहीत. जी सापडत नाहीत त्यातली पिल्लं मध्यरात्री एकटी निघतात, आणि त्या वेळी किनाऱ्यावर कासवमित्र नसतो, तुमचा दिवा असतो.

आता मी हे सगळं इतक्या खात्रीनं का सांगतो ते सांगतो. समुद्र मला नवा असेल, पण दिव्यानं जीव कसा ओढला जातो ते मला लहानपणापासून माहीत आहे. आम्ही शेतकरी ते मुद्दाम करतो. त्याला प्रकाश सापळा म्हणतात. वावरात एक बल्ब टांगायचा, खाली पसरट घमेल्यात पाणी आणि त्यात थोडं रॉकेल. पहिला पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात, आणि दिवा दिसला की येऊन पडतात. बोंडअळीचे पतंगही असेच. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं आमच्या जिल्ह्याचा कापूस खाल्ला, त्यानंतर तर कामगंध सापळे आणि प्रकाश सापळे हे शब्द शाळेतल्या पोरांनाही पाठ झाले. सकाळी घमेलं पाहिलं की त्यात शेर-दोन शेर मेलेली पाखरं.

त्या पाखरांना दिवा आवडतो असं नाही हो. आभाळाकडचा उजेड पाठीवर ठेवून उडायची त्यांची रीत असते. दिवा जवळ आला की पाठ त्याच्याकडे करता करता ती त्याच्याभोवतीच फिरत राहतात आणि थकून पडतात. कासवाचं पिल्लूही दिव्याच्या प्रेमात पडून जात नाही. जी खूण धरून ते जन्माला आलं, तीच खूण आपण चुकीच्या जागी नेऊन टांगतो.

आणि एक गोष्ट ऐका. आमचे कृषी सहायक हा सापळासुद्धा रात्रभर लावू देत नाहीत. संध्याकाळी सात ते दहा, नंतर बंद. कारण रात्रभर ठेवला तर किडीबरोबर मित्रकीटकही त्यात मरतात. मारायलाच लावलेला दिवा आम्ही दहाला विझवतो. मौजेसाठी लावलेला तुमचा दिवा सकाळपर्यंत चालू असतो.

दुसरी गोष्ट सोयाबीनची. ही तर तुम्हाला गंमत वाटेल. आमच्या पांदणीच्या तोंडाशी ग्रामपंचायतीनं पथदिवा लावला. त्या वर्षी सप्टेंबरअखेर सगळं वावर पिवळं पडलं, पानं गळली, शेंगा वाळल्या, पण दिव्याखालचा एक गोल हिरवागारच राहिला. सोंगणीला माणसं आली तरी तिथली झाडं पाला धरून उभी. आधी वाटलं खत जास्त पडलं असेल. मग कळलं की सोयाबीनला रात्रीची लांबी मोजता येते, रात्र मोठी झाली की ते फुलतं आणि पिकतं. दिव्याखाली त्याची रात्र कधी झालीच नाही. अंधार म्हणजे नुसती रिकामी जागा, असं मी तोवर समजत होतो. बिनमेंदूचं रोपटंसुद्धा ज्याच्यावर हिशेब ठेवतं, ती रिकामी जागा कशी असेल?

तुम्ही म्हणाल, अंधाराचं कौतुक करायला या माणसाचं काय जातं. जातं, बरंच जातं. आमच्याकडे शेतीची लाइन आळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की बारा-एक वाजता एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जावं लागतं. डीपीवर फ्यूज उडालेला असतो. बांधावर घोणस असते, तुरीत रानडुक्कर असतं. आणि आमचा तालुका तो, जिथे टी-1 वाघीण होती. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसं गेल्याचं बोललं गेलं, आणि नोव्हेंबर 2018 मध्ये तिला गोळी घातली. ती दोन वर्षं आमच्या बाया वेचणीला घोळक्यानं जायच्या आणि सूर्य कलला की घरी. त्या दिवसांत मी स्वतः ग्रामसभेत उभं राहून प्रत्येक खांबावर दिवा मागितला होता. उजेडाची किंमत मला कोणी शिकवायची गरज नाही. रात्रीच्या पाळीत जाणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला नाही.

तरी सांगतो, त्या वेळी आम्हाला दिवा हवा होता तो रस्त्यावर, पायापुरता, दारापुरता. रानात फोकस मारून वाघ दिसावा अशी कोणाची मागणी नव्हती. कायद्यानं वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत हे कासवही आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या. किनारा नियमनाच्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात कडक अशा पहिल्या वर्गात धरल्या आहेत. कायदा तुमच्या बाजूला उभा आहे. तो वापरायचा की नाही हे ग्रामपंचायतीनं ठरवायचं.

करता येतं का? येतं. आणि इथे मला आमच्या विदर्भाचा जरा अभिमान मिरवू द्या. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे रात्रीचं आभाळ राखलेली जागा. आशियात अशी पाचवी. ती अशीच मिळाली नाही. सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक रस्त्यावरचे आणि सार्वजनिक दिवे बदलून खाली जमिनीकडे उजेड टाकणारे बसवले गेले. गावं अंधारात गेली नाहीत. रस्त्यावर उजेड आहे, आभाळात नाही. रिसॉर्ट तिथेही आहेत, पर्यटक तिथेही येतात, आता तर चांदण्या बघायला म्हणून येतात. वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या खेड्यांना जे जमलं ते तुम्हाला जमणार नाही, असं कोण म्हणेल?

आता मागणं काय ते सांगतो. यातलं बरंचसं खिशाला जड नाही.

सगळ्यात आधी, समुद्राकडे तोंड केलेला फोकस नोव्हेंबर ते मे खाली उतरवा. नुसता बंद करू नका, उतरवाच, कारण खांबावर राहिला तर माझ्यासारखा कोणीतरी येऊन "लावा ना दादा" म्हणेल आणि तुमच्यानं नाही म्हणवणार नाही. पाहुण्याला देव मानायची सवय तुमच्याही हाडात आहे, तेव्हा बटनच ठेवू नका.

अंगणातला, जिन्यातला, न्हाणीघराकडे जायच्या वाटेवरचा दिवा हवाच. तो गुडघ्याइतका खाली आणा आणि वरून, समुद्राच्या बाजूनं पत्र्याची टोपी घाला. गावातला कोणताही वेल्डर अर्ध्या तासात करून देईल. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर दिव्याचं बोंड डोळ्याला दिसता कामा नये, एवढीच परीक्षा. रंगाचं म्हणाल तर पांढऱ्या एलईडीत निळा उजेड भरपूर असतो आणि कासवांच्या डोळ्यांना तोच सगळ्यात जास्त ओढतो. नारिंगी किंवा तांबूस, अंबर म्हणतात तो दिवा त्यामानानं कमी त्रासाचा. दुकानदार "वॉर्म व्हाइट घ्या, पिवळाच आहे" म्हणेल. तो दिसायला पिवळसर असतो, पण पोटात निळा शिल्लक असतोच, त्याला फसू नका. आणि अंबर दिवा लावला म्हणजे तो आता समुद्राकडे वळवायला हरकत नाही, असाही अर्थ काढू नका. आधी झाकणं, मग खाली आणणं, मग रंग.

समुद्राकडच्या खिडक्यांना जाड पडदे लावा. माणूस वाटेवर आला तरच लागणारे सेन्सरचे दिवे आता आमच्या तालुक्याच्या गावातही मिळतात. लग्नाच्या पार्ट्यांसाठी लेझर आणि डीजेची लाइट वाळूवर नेऊ देऊ नका. याबद्दल जास्त लिहीत नाही, आमच्याकडच्या वराती मी पाहिलेल्या आहेत.

सरपंच मंडळींना वेगळं सांगायचं आहे. सुशोभीकरणाचा निधी आला की सगळ्यात आधी हायमास्ट उभा राहतो, हे आमच्याकडे आणि तुमच्याकडे सारखंच. उद्घाटनाच्या पाटीवर नावं येतात, खांब लांबून दिसतो. पण बारा मीटर उंचीवर पांढरे दिवे लावून ते चारही बाजूंना सोडले की त्यांना टोपी घालताच येत नाही. पुढचा निधी आला तर वाळूपासून मागे, रस्त्यावर, बुटक्या खांबांना मागा. आहे तो हायमास्ट विणीच्या महिन्यांत समुद्राच्या बाजूचे दिवे काढून ठेवून चालवता येतो. पथदिव्यांची थकबाकी सगळ्या ग्रामपंचायतींच्या डोक्यावर असतेच. महिना-दोन महिन्यांचं बिल वाचलं तर ते गावाला खुपणार नाही. आणि ठराव ग्रामसभेत घ्या, मच्छीमारांना बोलावून घ्या. बंदरावर होड्या लागतात तिथे उजेड लागतो, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यांना अंधारात माशांची टोपली उतरवायला सांगायचा अधिकार ना मला आहे ना तुमच्या पाहुण्यांना. तिथेही दिवा होड्यांवर पडावा, वाळूवर नको, इतकं त्यांच्याशी बोलून ठरवता येईल.

सुरक्षेचं म्हणाल. हा आक्षेप खरा आहे, विशेषतः बायकांच्या दृष्टीनं, आणि कोकणात बिबटे काही कमी नाहीत. पण पांढऱ्याफटक फोकसनं डोळे दिपतात आणि त्याच्या पलीकडचं काळं अजून काळं होतं, हे वावरात बॅटरी घेऊन फिरणारा कोणीही सांगेल. बॅटरी विझवून दहा मिनिटं उभं राहा, धुऱ्यावरचं गवतही दिसायला लागतं. झाकलेला, खाली पडणारा मंद उजेड वाटेला पुरतो.

हे आजवर कुठे झालंच नाही असंही नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात किनाऱ्यावरच्या गावांनी विणीच्या हंगामात दिव्यांचे नियम केलेत, हॉटेलांसकट. आपल्या ओडिशात ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी लाखोंनी रिडले येतात, आणि तिथे मागच्या वस्तीच्या उजेडानं भरकटलेली पिल्लं गावची पोरं रात्रभर बादल्यांत गोळा करून पाण्यात सोडत आली आहेत. ते पाहून वाटतं, दिवा एकानं लावायचा आणि बादली दुसऱ्यानं घ्यायची, हा न्याय काही बरा नाही.

ओडिशावरून आठवलं. 2021 मध्ये तिथे पायाला टॅग लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूवर सापडली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, साडेतीन हजार किलोमीटर. तिनं गुहागरला 120 अंडी घातली, त्यातून 107 पिल्लं निघाली. राळेगाव ते कल्याण एका रात्रीच्या गाडीत आमची कंबर मोडली होती, पोहोचल्यावर अंधार होता म्हणून आम्ही कुरकुरलो. साडेतीन हजार किलोमीटर पोहून आलेल्या बाईला आम्ही अंगणातून उजेड दाखवला तर ती काय समजेल? आमच्या वाळूवर माग काढून परत फिरलेली ती कुठून आली होती कोणास ठाऊक. पुढच्या रात्री दुसऱ्या एखाद्या अंधाऱ्या किनाऱ्यावर तिनं अंडी घातली असतील, अशी मी मनाची समजूत घालतो. माझी पोरगी तेवढ्यावर समाधानी नाही. तिनं शाळेच्या वहीत तो माग काढलाय, जाताना आणि येताना, आणि मधे फोकस. फोकसच्या खाली माणूस काढलाय. त्याला माझ्यासारख्या मिशा आहेत.

तर आता आमच्या बाजूनं काय, तेही लिहितो, नाहीतर नुसता उपदेश होईल. या वर्षी आमच्या गावातली पाच घरं निघताहेत, मागच्या चारांत एकाची भर. त्यातली काही माणसं पहिल्यांदा समुद्र पाहणार. बुकिंगचा फोन मी करतो, आणि आता रेट विचारायच्या आधी विचारतो: समुद्राकडचा दिवा हंगामात बंद असतो का? "असतो" म्हणणाऱ्याकडे उतरायचं. शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी चालतील, हे घरी ठरलेलं आहे. पांढरकवडा, वणी, कळंबकडच्या ज्या मित्रांना कोकणात जायचं असतं ते मला विचारतात, त्यांनाही हेच सांगतो. मोबाईलची बॅटरी वाळूवर लावायची नाही, फ्लॅश नाही, अकरानंतर वाळूवर जायचं नाही. साळ्याचा मोबाईल त्याची बायको सांभाळणार आहे.

आणि काकाजींना यंदा मी आधीच सांगून ठेवलंय की समुद्र रात्री दिसत नसतो, ऐकायचा असतो. ते म्हणाले, "मंग खाट बाहेर टाकजा म्हणा."

आम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आहोत. घाटामुळे पोहोचायला या वेळीही रात्रच होईल. फाटकापर्यंत कोणीतरी हातात बॅटरी घेऊन या, खाली धरून. बाहेर खाटा टाकायला जागा असेल तर तेवढं कळवा.

आपला,
राळेगाव तालुक्यातला एक कापूसवाला
जि. यवतमाळ